सरासरी ४.२, तरी काही जण आत येतच नाहीत: विद्यापीठाच्या कॅन्टीन आणि दुकानातले अभिप्राय

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या आवारातले दुकान आणि कॅन्टीन पाहणाऱ्या समितीवर तुम्ही नव्याने आला आहात. दर सत्राला समाधानाचा फॉर्म भरून घेतला जातो आणि ५ पैकी ४.२ अशी सरासरी येते. तक्रारपेटीत महिन्याला चार-पाच चिठ्ठ्या पडतात. असे असूनही ॲलर्जी असलेले, व्हीलचेअर वापरणारे, परदेशातून आलेले किंवा धर्माप्रमाणे खाण्याचे नियम पाळणारे विद्यार्थी तिथे फारसे दिसत नाहीत. हे बदलायचे तर अभिप्राय कसा घ्यायचा आणि हात कुठे घालायचा?

आधी त्या ४.२ विषयी बोलू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. समजा विद्यापीठात १०,००० विद्यार्थी आहेत. ९५ टक्के खात्रीने, ५ टक्के इकडेतिकडे धरून अंदाज काढायचा तर साधारण ३७० जणांचे यादृच्छिक उत्तर पुरते. आता समजा या १०,००० पैकी ५० जण व्हीलचेअर वापरतात. तुमच्या ३७० मध्ये त्यांच्यातले सरासरी दोनच येतील. बाकी ३६८ जणांची सरासरी ४.२ असेल आणि या दोघांनी १ गुण दिला, तर एकूण आकडा ४.१८ होतो. म्हणजे दोन माणसांना काउंटरपर्यंत पोहोचता येत नाही ही गोष्ट दुसऱ्या दशांश स्थळी दडते. आणि ही झाली चांगली परिस्थिती. प्रत्यक्षात फॉर्म कॅन्टीनच्या टेबलावर ठेवलेला असतो, त्यामुळे जो आतच येत नाही तो नमुन्यातही येत नाही. सरासरी रोजच्या गिऱ्हाइकाला चव आणि वेग कसा वाटतो हे सांगते. दाराबाहेर कोण राहिले, हे तिला विचारून उपयोग नाही.

म्हणून दोन वेगळी कामे करावी लागतात. जे येतात त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीला लेखी, शक्यतो सर्वांना दिसेल असे उत्तर द्यायचे. आणि जे येत नाहीत त्यांच्याकडे आपण उठून जायचे. पहिल्याशिवाय दुसरे टिकत नाही, कारण आधीच्या चिठ्ठीचे काय झाले हे ठाऊक नसलेला माणूस तुमच्याशी दुसऱ्यांदा बोलत नाही.

चिठ्ठीपासून सुरुवात करू. जपानमधल्या विद्यापीठांत दुकान आणि कॅन्टीन चालवणाऱ्या सहकारी संस्थांत 'हितोकोतो कार्ड' नावाची पद्धत आहे. हितोकोतो म्हणजे एखादा शब्द, एखादे वाक्य. विद्यार्थी छोट्या कार्डावर काहीही लिहितो, कर्मचारी खाली उत्तर लिहितो आणि ते कार्ड सर्वांना दिसेल असे फलकावर लागते. टोकियोतल्या एका विद्यापीठातल्या कर्मचाऱ्याची उत्तरे इतकी आवडली गेली की २००५ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. दुकानाशी संबंध नसलेल्या विचित्र प्रश्नांनाही तो मनापासून, सभ्यपणे उत्तर देत असे. यातले मर्म व्यवस्थापनाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. निरर्थक चिठ्ठीलाही नीट उत्तर मिळते हे दिसले की गंभीर अडचण असलेला संकोची विद्यार्थी पुढे येतो. फलक वाचणारे चिठ्ठी लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि तुमचे उत्तर खरे तर त्यांच्यासाठी असते.

कार्ड लहान ठेवा, साधारण पोस्टकार्डाएवढे. त्यावर तीनच ओळी पुरतात: काय झाले, कुठे व केव्हा, काय हवे आहे. नाव ऐच्छिक. खाली एक चौकोन: 'उत्तर फलकावर नको, मला खासगीत द्या.' हा चौकोन नसेल तर आजार, मासिक पाळी, पैशांची चणचण, धर्म यांविषयी कोणी लिहीत नाही. कोणत्याही भाषेत लिहिले तरी चालेल, असे त्या-त्या भाषांतच छापा. पेटी जमिनीपासून ९० ते ११० सेंटिमीटरवर लावा. बसून हात पोहोचण्याची मर्यादा अमेरिकेच्या सुगम्यता मानकात साधारण ३८ ते १२२ सेंटिमीटर आहे, त्यामुळे या उंचीवर उभा आणि बसलेला दोघेही सहज पोहोचतात. पेटी गल्ल्यासमोर लावू नका. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी टाकायची हिंमत थोड्यांनाच होते. ग्रंथालय किंवा वसतिगृहात दुसरी पेटी ठेवा. ज्याला लिहिणे कठीण आहे त्याला आवाजात निरोप ठेवता येईल असा एक फोन नंबर द्या. क्यूआर कोड जरूर लावा, पण तो एकमेव मार्ग नको. अंध व्यक्तीला भिंतीवर तो नेमका कुठे आहे हेच कळत नाही.

चिठ्ठ्या रोज कामाची पाळी संपताना काढायच्या आणि लगेच चार ढिगांत टाकायच्या. पहिला ढीग धोक्याचा: ॲलर्जीची प्रतिक्रिया, अन्नात काच, ओली फरशी, छळ. हा ढीग अभिप्रायाच्या वाटेने जातच नाही, त्याच तासात जबाबदार माणसाला फोन जातो. दुसरा चुकांचा: दर चुकला, पाटी चुकली, पदार्थ थंड होता. तिसरा मागण्यांचा. चौथा कर्मचाऱ्यांच्या वागण्याविषयीचा. चौथ्या ढिगातले काहीही फलकावर लागत नाही. ते चौकशी करून खासगीत मिटवायचे, नाहीतर फलक हा चारचौघांत अपमान करण्याची जागा होतो आणि कर्मचारी पेटीच रिकामी करू लागतात. असे घडते आणि त्यात त्यांचा दोष कमी असतो.

उत्तराची मुदत ५ कामाचे दिवस ठेवा. निर्णयाला जास्त वेळ लागणार असेल तर पाचव्या दिवशी निर्णयाची तारीख कळवा. उत्तरात चार गोष्टी हव्यात: मागणी आपल्या शब्दांत, काय तपासले, काय ठरले, कधीपासून किंवा का नाही. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' या वाक्यावर सरळ बंदी घाला. उदाहरणार्थ, डाव्या हाताने वापरायच्या कात्रीची मागणी आली. चांगले उत्तर असे: 'डावखुऱ्यांसाठी कात्री मागितली होती. आतापर्यंत ठेवत नव्हतो, हे चुकले. पुरवठादाराकडे मिळते. पुढच्या सोमवारपासून लेखनसाहित्याच्या दुसऱ्या फळीवर असेल. डावखुऱ्यांना लागणारे आणखी काही हवे असल्यास लिहा.' नकारही इतकाच स्पष्ट हवा: 'रात्री ११ पर्यंत कॅन्टीन सुरू ठेवता येणार नाही. स्वयंपाकघरातले शेवटचे कर्मचारी ९ला निघतात आणि त्यानंतर त्यांना घरी जायला वाहन नसते. त्याऐवजी ८ ते ९ मध्ये डब्यात भरून नेण्याची सोय या महिन्यापासून करतो.' कारणासहित दिलेला नकार लोक स्वीकारतात. मौन मात्र विसरत नाहीत.

फलकावर लावण्याआधी एकदा वाचा: यावरून लिहिणारा ओळखू येतो का? 'तिसऱ्या वर्षाला आहे, व्हीलचेअर वापरते, मंगळवारी दुपारी आले होते' एवढे छापले तर नाव नसले तरी नाव छापल्यासारखेच आहे. मूळ कार्ड लावण्याऐवजी मजकूर पुन्हा लिहून लावा. मोठी, काळी अक्षरे पांढऱ्यावर. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा, हा संकेतस्थळांच्या सुगम्यतेचा निकष इथेही उपयोगी आहे. तोच मजकूर संकेतस्थळावर मजकूर म्हणूनच द्या. फलकाचा फोटो टाकला तर स्क्रीन रीडरला, म्हणजे अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यातले सहसा काही वाचता येत नाही. मेनूचेही हेच.

आता दुसरे काम, न येणाऱ्यांचे. फॉर्म घेऊन फिरू नका. वर्गाबाहेर, वसतिगृहात, प्रयोगशाळेच्या मार्गिकेत थांबा आणि तीन प्रश्न विचारा: शेवटचे कॅन्टीनला कधी आलात, नाही आलात तेव्हा कुठे काय खाल्ले, आणि यायचे ठरवूनही परत फिरलात असे कधी झाले का. तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. 'आवडले नाही' हे मत आहे, 'दारापर्यंत येऊन परत गेलो' ही घटना आहे, आणि घटनेतून दुरुस्त करण्याजोगे काहीतरी हाती लागते. सत्राला ४० ते ६० छोट्या गप्पा पुरतात. विसाव्या गप्पेपासून तीच चार-पाच कारणे परत येऊ लागतात: काय आहे त्यात ते कळत नाही, विचारले तर रांग अडते, एकट्याने बसायला अवघड वाटते, परवडत नाही, माझ्या वेळेला बंद असते.

त्याबरोबर सोबत चालून पाहणे करा. वेगवेगळ्या गरजा असलेल्या चार ते सहा जणांना बोलवा, एका वेळी एकच. फाटकापासून सुरुवात करा: आत येणे, मेनू समजणे, ट्रे घेणे, मागणे, पैसे देणे, जागा शोधणे, खाणे, ट्रे परत ठेवणे, स्वच्छतागृह, बाहेर पडणे. तुम्ही मदत करायची नाही, फक्त कुठे थांबावे लागले ते टिपायचे. गर्दीच्या वेळी एकदा आणि निवांत वेळी एकदा. या कामाचा मोबदला द्या, निदान जेवणाची कूपने. अपंग विद्यार्थ्यांकडून फुकट सल्ला घेत राहणे हा सगळीकडचा वाईट रिवाज आहे आणि दोन-तीनदा असे झाले की ते यायचे थांबतात.

सोबत चालताना सर्वात आधी जागेचे अडथळे दिसतात. येण्याजाण्याची मोकळी वाट किमान ९० सेंटिमीटर, व्हीलचेअर वळवायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा, उताराला १२ ला १ पेक्षा जास्त चढ नको. काउंटरचा निदान एक भाग ९१ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. ट्रे सरकवायची पट्टी ७१ ते ८६ सेंटिमीटरवर हवी. टेबलाचा वरचा पृष्ठभागही त्याच मर्यादेत आणि खाली गुडघ्यांसाठी सुमारे ६९ सेंटिमीटर मोकळी उंची. अमेरिकेच्या सुगम्यता मानकात बसण्याच्या जागांपैकी ५ टक्के अशा असाव्यात असे आहे. आपल्याकडचा नियम वेगळा असला तरी नवी टेबले घेताना हा किमान आकडा धरायला हरकत नाही, आणि ती टेबले एका कोपऱ्यात गोळा न करता पसरून ठेवा, म्हणजे मित्रांबरोबर बसता येते. जमिनीला बोल्टने घट्ट केलेली बाके सर्वात आधी काढा.

पण नकाशावरची मापे बरोबर असूनही वाट अडते ती रोजच्या कामामुळे. माल उतरला की खोकी दोन फळ्यांमधल्या वाटेत रचली जातात आणि ९० सेंटिमीटरची वाट ६० होते. हा आराखड्याचा दोष नाही, माल भरण्याच्या वेळेचा आहे. उपायही तसाच: दुकान उघडण्याच्या एक तास आधी फळ्या भरणे, आणि उघडताना मापाची काठी घेऊन एक फेरी. ९० सेंटिमीटर लांबीची साधी काठी प्रत्येक वाटेतून आडवी नेता आली पाहिजे. कार्ड यंत्र खांबाला खिळलेले असेल तर त्याची तार लांब करा, म्हणजे ते हातात देता येईल. पैसे फक्त कार्डाने किंवा फक्त मोबाइलवर घेण्याआधी थांबा. बँक खाते अजून न उघडलेला परदेशी विद्यार्थी पहिले काही आठवडे उपाशी राहतो तो याच नियमामुळे.

कर्णबधिरांसाठी सर्वात स्वस्त दुरुस्ती म्हणजे क्रमांक ओरडण्याऐवजी पडद्यावर दाखवणे. गोंगाटात ती सगळ्यांच्याच उपयोगी पडते. टच पडद्यावरच मागणी घेणारी यंत्रे लावली असतील तर शेजारी एक माणसाचा काउंटर कायम उघडा ठेवा. आवाजाचा, गर्दीचा त्रास होणाऱ्यांसाठी दिवसातला एखादा तास संगीत बंद ठेवा, आणि मुख्य म्हणजे तो तास बदलू नका. त्यांना शांततेइतकीच खात्रीही लागते.

खुणांविषयी एक गोष्ट आवर्जून. रंग एकटा कधीही पुरत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. इतरत्र प्रमाण कमी-जास्त असते. भारतात पाकिटांवर हिरवे वर्तुळ शाकाहारी आणि तपकिरी वर्तुळ मांसाहारी अशी खूण होती. या लोकांना ती दोन्ही वर्तुळे जवळजवळ सारखीच दिसत. २०२०च्या लेबलिंग नियमांनी मांसाहारी खूण तपकिरी त्रिकोण केली. आकार बदलला आणि प्रश्न सुटला. तुमच्या मेनूवरच्या प्रत्येक खुणेला वेगळा आकार आणि सोबत एक अक्षर किंवा शब्द द्या.

आता स्वयंपाकघर. इथे जास्त वेळ थांबायला हवे, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते आणि अभिप्रायात ती सर्वात उशिरा दिसते.

पाया म्हणजे पदार्थ आणि ॲलर्जीकारक घटक यांचा तक्ता. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमात असे १४ घटक आहेत: ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतले प्रथिन) असलेली धान्ये, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, दूध, काजू-बदाम-अक्रोडासारखी कवचफळे, सेलरी, मोहरी, तीळ, सल्फाइट (पदार्थ टिकवणारे रसायन), ल्युपिन (एक कडधान्य) आणि शिंपल्यांसारखे मृदुकाय. तुमच्या देशाची यादी लहान असली तरी विद्यापीठात देशोदेशीचे लोक येतात, म्हणून हीच यादी धरावी. उभ्यात १४ घटक, आडव्यात प्रत्येक पदार्थ, आणि प्रत्येक पदार्थाचे कृतीपत्रक वजनासकट. पत्रक नसेल तर तक्ता म्हणजे अंदाज.

हा तक्ता बहुतेक ठिकाणी बनतो छान आणि महिन्याभरात खोटा ठरतो. कारण जवळजवळ नेहमी एकच असते: पुरवठादाराने नेहमीचा माल नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा पाठवला. सॉस तोच, चव तीच, पण नव्यात दूध भुकटी आहे. आचाऱ्याला हे कळायचे कारणच नाही, त्याने फक्त बाटली उघडली. म्हणून तपासणी माल उतरवतानाच व्हायला हवी. मागवलेले आणि आलेले उत्पादन वेगळे असेल तर खोक्यावर लाल पट्टी, लेबल वाचून तक्त्यात नोंद, आणि नोंदीवर सही झाल्याशिवाय ते खोके स्वयंपाकघरात जाणार नाही. पुरवठ्याच्या करारात 'न विचारता बदली माल नको' हे वाक्य घाला. दुसरे कारण म्हणजे आयत्या वेळी केलेली सुधारणा: रस्सा पातळ झाला म्हणून पीठ लावले, वरून सुक्यामेव्याचा चुरा भुरभुरला. कृतीपत्रकाबाहेर काहीही घालायचे तर पाटी आधी बदलायची, एवढा एक नियम पाळीवरच्या सगळ्यांना पाठ हवा.

मग येते एकातले दुसऱ्यात जाणे. सामायिक तळणीचे तेल हे सर्वात जास्त नजरेआड होणारे कारण. ज्या तेलात पिठात घोळवलेले तळले त्यात तळलेला बटाटा ग्लुटेनमुक्त राहत नाही. तेल कितीही तापले तरी ॲलर्जी असलेल्याने त्यावर भरवसा ठेवू नये. सामायिक टोस्टर, लोण्याच्या भांड्यातले पावाचे कण, स्वतः वाढून घेण्याच्या जागी एका पदार्थातून दुसऱ्यात फिरणारा चमचा, हवेत उडणारे पीठ, ही पुढची. सीलिॲक आजार (ज्यात ग्लुटेनमुळे आतड्यांना इजा होते) असलेल्यांसाठी ग्लुटेनमुक्त म्हणजे किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, इतकी ती मर्यादा बारीक आहे. जांभळ्या रंगाची सुरी आणि कापायची फळी फक्त याच कामासाठी ठेवण्याची पद्धत अनेक स्वयंपाकघरांत आहे. हात साबण-पाण्याने धुवावे लागतात. अल्कोहोलचे जेल जंतू मारते, शेंगदाण्याचे प्रथिन हातावरून काढत नाही. हातमोजे घातलेला माणूस तेच मोजे घालून सगळ्याला हात लावतो, तेव्हा मोज्यांनी उलट खोटा धीर मिळतो.

जे सांभाळता येत नाही ते स्पष्ट लिहा. 'आमची तळणी एकच आहे, तळलेल्या कोणत्याही पदार्थात गहू व मासे यांचा अंश येऊ शकतो' हे वाक्य उपयोगाचे आहे. 'सर्व पदार्थांत सर्व घटक असू शकतात' हे वाक्य समितीची जबाबदारी टाळते आणि त्या विद्यार्थ्याला दारातून परत पाठवते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ नववा प्रमुख घटक म्हणून लेबलवर लिहिणे सक्तीचे झाले. त्यावर काही उत्पादकांनी तीळ वेगळे ठेवण्याऐवजी पावात तिळाचे पीठ मुद्दाम घातले आणि तसे लेबलवर लिहिले. नियम पाळला गेला आणि तिळाची ॲलर्जी असलेल्यांचा पाव गेला. समितीच्या बैठकीत एखादा उपाय समोर येईल तेव्हा हे उदाहरण आठवावे: याने कोण आत येतो की फक्त आपली जबाबदारी टळते?

प्रत्येक पाळीत प्रश्नांना उत्तर देणारा एक ठरलेला माणूस हवा आणि त्याचे नाव काउंटरवर हवे. इतरांनी 'चालेल बहुतेक' असे म्हणायचे नाही, त्याला बोलवायचे. तीव्र प्रतिक्रिया आली तर तातडीची मदत बोलावणे, स्वतःचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन जवळ असेल तर ते मांडीत लवकर देऊ देणे, आणि माणसाला उभे करून चालवत न नेणे, श्वास घेताना त्रास होत असेल तर बसते ठेवणे, एवढे सगळ्या कर्मचाऱ्यांना यायला हवे. दर सत्राच्या सुरुवातीला पंधरा मिनिटांची उजळणी पुरते.

धर्माप्रमाणे किंवा तत्त्व म्हणून पाळायच्या आहाराचे स्वरूप वेगळे. इथे शरीराला लगेच अपाय नसेल, पण विश्वास एकदा तुटला की परत येत नाही. सर्वात जास्त वेळा फसवणूक होते ती भाज्यांच्या सूपमध्ये: वरून भाज्या, पाणी मात्र हाडांच्या अर्काचे. तशीच जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनणारे जिलेटिन, चीजसाठी दूध साकळवणारे प्राणिज रेनेट, माशांचा सॉस, मद्याचा अर्क असलेला सुगंध. हलाल किंवा कोशर (ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे चालणारे) हे शब्द प्रमाणपत्राशिवाय स्वतःच्या मनाने पाटीवर लिहू नका. 'डुकराचे मांस नाही, मद्य नाही, मांस अमुक पुरवठादाराचे' अशी वस्तुस्थिती लिहा, निर्णय खाणाऱ्याला घेऊ द्या. एकच पदार्थ अनेकांना चालेल असा शोधणे हा व्यवहारी मार्ग आहे. प्राणिज काहीही नसलेला, ग्लुटेन व सुकामेवा नसलेला एक पोटभरीचा गरम पदार्थ रोज असेल तर बऱ्याच चिठ्ठ्या कमी होतात, आणि तो सर्वांच्याच रांगेत, त्याच दरात असावा. वेगळ्या खिडकीवर, आदल्या दिवशी सांगून, जास्त दराने मिळणारे जेवण हे समावेशाचे लक्षण नव्हे.

दुकानाविषयी थोडक्यात, कारण तिथे जिवाचा प्रश्न क्वचित येतो. प्रयोगशाळेचे कोट सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या मापात आहेत का, लॅटेक्सशिवायचे हातमोजे आहेत का, मासिक पाळीची साधने उघड्या फळीवर आणि छोट्या पाकिटातही आहेत का, वरच्या फळीवरची वस्तू काढून द्यायला घंटा आहे का. खरी अडचण पुढे येते. मागणीवरून वस्तू आणली, दोन आठवडे ठेवली, खपली नाही म्हणून काढली आणि फलकावर लिहिले, 'मागणी नव्हती'. पाहू गेले तर ती तळच्या फळीवर होती, परीक्षेच्या काळात आणली होती आणि मागणाऱ्याला कळवलेच नव्हते. चाचणी किमान सहा आठवड्यांची, डोळ्यांच्या उंचीवर आणि जाहीर करून घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विक्रीचा निकष सगळ्या वस्तूंना लावू नये. जिला पर्याय आहे ती वस्तू विक्रीवर जगो. जिला पर्यायच नाही, डावखुऱ्याची कात्री किंवा सर्वात मोठ्या मापाचा कोट, तिला बिलिंग प्रणालीत 'आवश्यक' अशी वेगळी खूण द्या, म्हणजे संगणक कमी खपाच्या यादीत टाकून ती आपोआप बंद करणार नाही. दोन नग कायम, एक विकला की एक मागवायचा.

हिशोब पाहणारा सदस्य इथे खर्चाचा मुद्दा काढेल. त्याला सांगा की पाच जणांचा गट जेवायला निघतो तेव्हा कुठे जायचे हे बहुधा तो ठरवतो ज्याला सर्वात कमी पर्याय आहेत. तुमच्याकडे त्या एकाला खायला काही नसेल तर पाचही जण दुसरीकडे जातात. विक्रीच्या अहवालात हे पाच कुठेच दिसत नाहीत.

मोजायचे काय? सरासरी काढणे थांबवा असे नाही, पण तिच्या वर एक अडथळ्यांची यादी ठेवा: अडथळा, कोणाला, केव्हापासून, कोणाकडे काम, कधीपर्यंत. प्रत्येक बैठकीत सर्वात जुना अडथळा आधी घ्या. सोबत तीन आकडे: ५ दिवसांत उत्तर मिळालेल्या चिठ्ठ्यांचे प्रमाण, चिठ्ठीमुळे प्रत्यक्ष बदललेल्या गोष्टी, आणि उत्तर देऊनही परत आलेल्या तक्रारी. तक्रारींची संख्या कमी करणे हे उद्दिष्ट कोणालाही देऊ नका, मग ती पेटीतच कमी होते. फलक सुरू झाल्यावर पहिले दोन महिने चिठ्ठ्या वाढल्या तर काम नीट चालले आहे असे समजा आणि वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा. तीच कार्डे कर्मचाऱ्यांनाही द्या. कोणता पदार्थ ताटात उरून परत येतो हे भांडी घासणाऱ्याइतके कोणालाच माहीत नसते. आठवडाभर पदार्थवार उष्टे वजन केले तर वाढण्याचे प्रमाण आणि अर्ध्या ताटाची गरज, दोन्ही कळते.

सुरुवातीचा क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात पेटी, कार्ड आणि वाट मोजायची काठी. दुसऱ्यात आधीच्या सत्रापासून पडून असलेल्या सर्व चिठ्ठ्यांना उत्तरे, उशिराबद्दल माफी मागून. तिसऱ्या-चौथ्यात माल उतरवण्याची तपासणी आणि सर्वात जास्त खपणाऱ्या दहा पदार्थांचा तक्ता. सगळा मेनू एकदम घेतला तर तो अर्धवट राहतो आणि अर्धवट तक्ता नसलेल्यापेक्षा धोकादायक, म्हणून बाकीच्या पदार्थांवर तोपर्यंत 'अजून तपासलेले नाही' अशी पाटी. दुसऱ्या महिन्यात सोबत चालणे आणि वसतिगृहातल्या गप्पा. नव्या वर्षाचे विद्यार्थी आले की हे सगळे पहिल्यापासून करावे लागते, कारण आवारातला मोठा हिस्सा दरवर्षी बदलतो आणि नव्यांनी जुना फलक पाहिलेला नसतो. त्यांना प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात कोरे कार्ड हातात द्या, आणि त्यासोबत गेल्या वर्षी चिठ्ठ्यांमुळे बदललेल्या पाच गोष्टींची यादी.